रणातला वारा आणि दुचाकींचा ताफा

थंडीची चाहूल लागली की दुचाकीवरून कच्छला निघालेल्या वाचकांची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत मुक्काम आणि खर्च यांपेक्षा वाऱ्याविषयीचे प्रश्न अधिक आहेत, आणि ते योग्यच आहे. सह्याद्रीच्या घाटांत हात बसलेल्या मुंबईकराला वळण, चढ आणि पाऊस यांची सवय असते. दहा-दहा किलोमीटर ज्याच्या आड एक झाडही येत नाही, अशा वाऱ्याची मात्र नसते. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही नऊ मित्र डिसेंबरात मुंबई, भूज, धोळावीरा, मांडवी असा प्रवास करणार आहोत. गेल्या वर्षी माळिया आणि सामखियाळी यांच्या दरम्यानच्या सूरजबारी पुलावर बाजूच्या वाऱ्याने आमच्यातील दोघे इतके घाबरले की ते वेग कमी करून मागे राहिले, आणि ते मागे पडल्याचे पुढच्यांना बऱ्याच वेळाने कळले. अशा वाऱ्यात ताफा कसा चालवावा? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक वाऱ्याचा आहे, दुसरा मागे राहिलेल्या दोघांचा. दुसरा अधिक गंभीर आहे. परंतु पहिला समजल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून वाऱ्यापासून सुरुवात करतो.

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपण ताशी ८० किलोमीटरने जात असताना समोरून ३० किलोमीटरचा वारा आला, तर गाडीला भेटणारी हवा ११० किलोमीटरची असते आणि तिचा अडथळा निवांत हवेतल्या अडथळ्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. बाजूच्या वाऱ्याचा त्रास याहून वेगळा आहे. तो एकसारखा वाहत असेल तर गाडी वाऱ्याच्या दिशेने किंचित कललेल्या स्थितीत सरळ चालत राहते आणि थोड्या वेळाने चालवणाऱ्याला त्याची सवयही होते. खरा धोका झोताचा असतो, म्हणजे वारा एकाएकी वाढण्याचा आणि तितकाच एकाएकी थांबण्याचा. वाढलेल्या वाऱ्याची सगळ्यांना भीती वाटते. थांबलेल्या वाऱ्याने गाडी कुठे जाईल याचा विचार फार थोडे लोक करतात.

डिसेंबरात कच्छमध्ये वारा बहुधा उत्तर किंवा ईशान्य दिशेने येतो. आपला मार्ग नकाशावर ठेवून पाहा. भूजहून खावड्याकडे जाताना आपण उत्तरेला तोंड करून असता, त्यामुळे वारा समोरून येईल. खावड्याहून धोळावीऱ्याकडे जाणारा रस्ता पूर्वेला जातो आणि त्याचा तीसेक किलोमीटरचा पट्टा दोन्ही बाजूंना पांढरे रण घेऊन निघतो. तिथे तोच वारा डाव्या बाजूने लागेल आणि आपल्याला रस्त्याच्या मध्याकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे, ढकलेल. परतताना तो उजवीकडून येईल आणि रस्त्याच्या कडेकडे लोटेल. जाताना उजवीकडची आणि येताना डावीकडची जागा वाऱ्याने ढकलण्यासाठी राखून ठेवावी लागते, हे प्रत्येकाने निघण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे. वारा उजवीकडून असेल तर उजव्या मुठीला हलका, पुढच्या बाजूला दाब द्यावा. गाडी उजवीकडे कलते आणि आपली रेषा धरून राहते. डावीकडून असेल तर डाव्या मुठीला. मुठी घट्ट आवळल्या की वाऱ्याने खांद्यांना दिलेला प्रत्येक धक्का हँडलपर्यंत पोहोचतो आणि गाडी अधिकच हलते. म्हणून गुडघ्यांनी टाकी धरावी, कोपर सैल ठेवावेत आणि पाठ थोडी पुढे झुकवावी.

ट्रक हा या रस्त्यावरचा सर्वांत मोठा अडसर आहे. माळिया ते सामखियाळी पट्ट्यात मिठाच्या ट्रकांची आणि बंदरांकडे जाणाऱ्या ट्रेलरांची सतत ये-जा असते. वारा उजवीकडून असताना आपण उजवीकडे कलून चालवत आहात आणि समोरून ट्रक आला असे समजा. आधी त्याच्या पुढच्या हवेचा धक्का आपल्याला डावीकडे लोटतो. पुढच्याच क्षणी ट्रकचे धूड वारा अडवते आणि कललेली गाडी ट्रकच्याच दिशेने सरकते. ट्रक निघून गेला की अडवलेला वारा पुन्हा पूर्ण जोराने येऊन आदळतो. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते. उपाय साधा आहे, पण तो आधीपासून करावा लागतो : ट्रक दिसताच वेग थोडा कमी करावा, आपल्या लेनच्या डाव्या-मधल्या भागात यावे, पण कडेच्या मातीला चिकटू नये, आणि धक्का येणार आहे हे मनाशी धरून हात सैल ठेवावेत. ट्रकला ओलांडतानाही हेच लक्षात असू द्यावे. वारा डावीकडून असताना ट्रकच्या उजवीकडून पुढे जाल, तर त्याच्या आडोशात गाडी ट्रककडे ओढली जाते आणि त्याच्या पुढे निघताच उजवीकडे फेकली जाते. त्यामुळे ओलांडताना ट्रकपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे, आणि जोराच्या वाऱ्यात दोघांनी एकापाठोपाठ एकच ट्रक ओलांडायला घेऊ नये.

आता ताफ्याविषयी. चांगल्या हवेत आपण जी तिरकी रांग ठेवता, म्हणजे एक गाडी लेनच्या उजव्या भागात आणि पुढची-मागची डाव्या भागात, ती जोराच्या बाजूच्या वाऱ्यात मोडावी आणि एकामागे एक चालवावे, कारण प्रत्येकाला दोन्ही बाजूंना सरकायला संपूर्ण लेन हवी असते. दोन गाड्यांमध्ये निवांत हवेत दोन सेकंदांचे अंतर पुरते. वाऱ्यात ते चार सेकंदांचे करावे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, त्यामुळे चार सेकंद म्हणजे जवळजवळ ९० मीटर. नऊ गाड्यांची रांग अशा अंतराने चालवली तर ती सातशे मीटरहून लांब होते. इतक्या लांब रांगेत पुढच्याला मागचा दिसणे शक्यच नाही, आणि तुमचे दोन मित्र मागे राहिल्याचे कोणाला कळले नाही त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते. त्यामुळे नऊ जणांचे चार आणि पाच असे दोन गट करावेत, प्रत्येक गटाला स्वतःचा लीड (सर्वांत पुढे राहून वाट दाखवणारा) आणि स्वीप (सर्वांत मागे राहणारा) असावा, आणि दोन गटांमध्ये पाच-दहा मिनिटांचे अंतर राहिले तरी चालेल.

प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याला पाहत राहणे ही जबाबदारी पुढच्याची आहे, मागच्याची नव्हे. मागचा दिसेनासा झाला की आपण वेग कमी करायचा. तसे केले की आपल्या पुढच्यालाही आपण मागे पडल्याचे दिसते आणि हा संदेश मिनिटाभरात लीडपर्यंत पोहोचतो. फोन किंवा हेल्मेटमधली यंत्रे नसली तरी ही पद्धत चालते. लीडच्या लगेच मागे ताफ्यातला सर्वांत हळू किंवा सर्वांत नवखा चालक असावा. अनेक ग्रुप त्याला शेवटी ठेवतात. शेवटचा माणूस अंतर भरून काढण्यासाठी सतत ताफ्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळत असतो, आणि ज्याला वाऱ्याची सर्वांत जास्त भीती वाटते त्याच्यावरच आपण सर्वांत जास्त वेग लादतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. सूरजबारीच्या पुलावर ज्यांनी वेग कमी केला त्यांनी योग्य तेच केले होते. चूक त्यांना सोडून पुढे गेलेल्या रांगेची होती, आणि ही गोष्ट निघण्यापूर्वी त्या दोघांना स्पष्ट शब्दांत सांगावी अशी माझी आपणास विनंती आहे.

दिवसाची आखणीही वाऱ्याकडे पाहून करावी. मोकळ्या सपाट प्रदेशात रात्री जमीन थंड होऊन वारा पडतो. सूर्य वर आला, जमीन तापली की वरच्या थरांतला वेगवान वारा खाली उतरतो, दुपारी त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि संध्याकाळी पुन्हा कमी होतो. म्हणून रणातला उघडा पट्टा उजाडल्यावर लगेच घ्यावा आणि दुपारची वेळ धोळावीऱ्याचे अवशेष पाहण्यात घालवावी. हडप्पा संस्कृतीच्या या नगराला २०२१ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. तिथले पाण्याचे हौद आणि दगडी तटबंदी तासाभरात उरकण्याजोगी नाहीत, त्यामुळे ती दुपार वाया जाणार नाही. वाटेत वारा वाचायची सवय लावून घ्यावी. धूळ आणि कागद उडू लागले की वारा ताशी २० ते २८ किलोमीटरच्या घरात असतो. लहान झाडे डोलू लागली की तो तिशीच्या पुढे गेलेला असतो. वेड्या बाभळीच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या तर तो चाळिशी गाठून आहे असे समजावे आणि नवख्या चालकांसह आडोसा शोधून थांबावे. सामखियाळीच्या परिसरात पवनचक्क्या आहेत, त्या याबाबत फार उपयोगी पडतात. पवनचक्की आपले तोंड नेहमी वाऱ्याकडे वळवते, त्यामुळे पाती आपल्याला कडेने, एका रेषेसारखी, दिसत असतील तर वारा आपल्या दृष्टीच्या रेषेला आडवा वाहत आहे, हे दूरवरूनच कळते.

प्रश्न : माझ्याकडे स्प्लेंडर आहे, ग्रुपमधल्या इतरांच्या गाड्या ३५० सीसीच्या आहेत. हलकी गाडी वाऱ्यात टिकणार नाही, तू कोणाच्या तरी मागे बस, असे मित्र म्हणतात. मला स्वतःची गाडी चालवायची आहे. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आपण आपली गाडी जरूर न्यावी, पण एका अटीवर. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो आणि क्लासिक ३५० चे सुमारे १९५ किलो. चालवणाऱ्याचे ७० किलो धरले तर १८२ विरुद्ध २६५. तेवढ्याच झोताने आपली गाडी अधिक सरकेल हे खरे आहे, परंतु तिची बाजूही लहान आहे, त्यामुळे तिच्यावर येणारा जोरही कमी असतो आणि फरक मित्र सांगतात तितका उरत नाही. ताशी ६० च्या वेगाने, नीट बांधलेल्या मोजक्या सामानासह ती बाजूच्या वाऱ्यात व्यवस्थित चालते.

अडचण समोरच्या वाऱ्याची आहे. आपल्या गाडीची शक्ती सुमारे आठ अश्वशक्ती आहे. ३० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात ८० चा वेग धरण्याइतकी ती पुरतच नाही. मूठ पूर्ण पिळून आपण ६५-७० वर अडकाल, इंजिन दिवसभर ताणावर राहील आणि मित्र पुढे निघून जातील. म्हणून अट ही की, ताफ्याचा वेग आपल्या गाडीवरून ठरावा आणि आपण लीडच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर असावे. हे मित्रांना आधी सांगा. त्यांनी मान्य केले तर मोठ्या गाड्यांचे काहीही बिघडत नाही, दिवसाचे अंतर तेवढे थोडे कमी धरावे लागेल. मान्य केले नाही तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नये, असे मी मनापासून सांगतो.

सामान खाली आणि पुढे असावे. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेली बॅग वाऱ्याला अडते आणि पुढचे चाक हलके करते. तेच सामान दोन बाजूंच्या सॅडल बॅगांत, शक्य तितके चालकाच्या जवळ, पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधावे. बंजी दोरीवर विसंबू नये. गाडीला झेंडे लावण्याची हौस या प्रदेशात टाळावी, कारण सुटलेले कापड मागच्या चाकात किंवा साखळीत गेले तर अपघात अटळ आहे. पेट्रोलचा हिशेबही ताफ्यातल्या ज्या गाडीचा एका टाकीतला पल्ला सर्वांत कमी त्या गाडीवरून करावा, आणि समोरच्या वाऱ्यात पल्ला चतुर्थांशाने घटला असे धरूनच करावा. ती गाडी बहुधा आपली नसेल; लहान टाकी असूनही स्प्लेंडर पुष्कळ लांब जाते. खावड्याच्या पुढे निघण्यापूर्वी सर्वांनी टाक्या भराव्यात, काटा काहीही दाखवत असला तरी.

प्रश्न : माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे, ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींबरोबर बाइकवरून कच्छला जाणार म्हणते. मला तिला अडवायचे नाही, परंतु झोपही लागत नाही. तिला नेमके काय विचारावे? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आपण अडवू इच्छित नाही हे वाचून फार बरे वाटले, आणि आपली काळजी अवाजवी मुळीच नाही. तिला पहिला प्रश्न असा विचारा की, ग्रुपमध्ये एखाद्याने ‘मला आता पुढे जायचे नाही, थांबूया’ असे म्हटले तर काय होते. सगळे थांबतात असे तिने बिचकल्याशिवाय सांगितले तर निम्मी काळजी सोडायला हरकत नाही. उत्तर देताना ती घुटमळली तर तिलाच त्या ग्रुपविषयी विचार करायला सांगा.

त्यानंतर दिवसाला किती किलोमीटर आणि किती वाजेपर्यंत, हे विचारा. मुंबई ते भूज अंतर साडेआठशे-नऊशे किलोमीटरच्या दरम्यान आहे. ते एका दमात मारण्याची भाषा असेल तर विरोध करा, वडोद्यात किंवा त्याच्या पुढे मुक्काम ठरलेला असेल तर निश्चिंत राहा. काळोख पडल्यावर चालवायचे नाही, हा नियम कच्छमध्ये विशेष महत्त्वाचा आहे. निलगायी आणि गुरांचे कळप रस्त्यावर येतात, आणि मागचा दिवा नसलेले वाहन उभे असले तर ते अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, चेहरा पूर्ण झाकणारे आणि डोक्यावर घट्ट बसणारे आहे का, ते स्वतः पाहा. पट्टा लावून मागून वर उचलल्यावर ते निघत असेल तर ते तिच्या मापाचे नाही. सैल हेल्मेट वाऱ्यात डोळ्यांवर सरकते. विम्याची आणि ओळखपत्राची प्रत, रक्तगट आणि घरचे दोन दूरध्वनी क्रमांक तिच्या जॅकेटच्या खिशात कागदावर लिहिलेले असावेत. पांढऱ्या रणात जाण्यासाठी परवाना लागतो आणि हा सीमावर्ती जिल्हा आहे, म्हणून मूळ ओळखपत्र जवळ हवेच.

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी. तिला वारंवार फोन करू नका. चालवताना खिशात वाजणारा फोन तिचे चित्त रस्त्यावरून काढतो आणि रणात अनेक ठिकाणी संपर्क लागतही नाही, त्यामुळे न लागलेला फोन आपल्याला विनाकारण घाबरवेल. प्रत्येक पेट्रोल पंपावर थांबल्यावर तिने एक ओळीचा निरोप पाठवावा, असे दोघींनी ठरवून घ्यावे.

प्रश्न : मी पतीच्या मागे बसून जाणार आहे. दिवसाअखेरीस मान आखडते आणि कानांत रात्रभर घोंगावत राहते. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : कानांत घोंगावणे हा वाऱ्याच्या आवाजाचा परिणाम आहे. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि तो तासन् तास ऐकल्याने श्रवणशक्तीची कायमची हानी होऊ शकते. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे दोघांनीही वापरावेत. हॉर्न त्यातूनही ऐकू येतो. मान आखडण्याचे कारण बहुधा असे की पतीच्या डोक्यावरून येणारा झोत आपल्या हेल्मेटवर आदळतो. त्यांच्या जवळ सरकून बसल्यास तो कमी होतो आणि गाडीचा तोलही सुधारतो. वाऱ्याने गाडी कलली तर आपण उलट बाजूला झुकू नये, चालकाच्या खांद्यांच्या रेषेत राहावे. तासाभराने उतरून पाणी प्यावे. कोरड्या वाऱ्यात घाम जागीच वाळतो, त्यामुळे शरीरातले पाणी कमी झाल्याचे कळत नाही. कच्छमधली डिसेंबरातली पहाट मुंबईकरांच्या कल्पनेपेक्षा थंड असते : १० अंश तापमानात ताशी ८० च्या वेगाने उघड्या त्वचेला ते चार-पाच अंशांसारखे जाणवते. गळ्याभोवती कापड आणि वारा न शिरणारे हातमोजे हवेतच.

प्रश्न : सुट्टी कमी आहे. गाड्या रेल्वेने भूजला पाठवणे शहाणपणाचे ठरेल का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : होय, आणि त्यात कमीपणा काहीही नाही. वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेस थेट भूजला जाते. पार्सल कार्यालयात आरसी बुक आणि ओळखपत्र दाखवावे लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते. आरसे काढून सामानात ठेवावेत. गाडी आपल्याच रेल्वेने पोहोचेल असे गृहीत न धरता ती दोन-तीन दिवस आधी पाठवावी.

रस्त्यानेच जायचे असेल तर वडोदरा–अहमदाबाद द्रुतगती महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, हे ध्यानात ठेवावे. वडोद्यानंतर वासदहून तारापूर, बगोदरा, लिंबडी, ध्रांगध्रा, हळवद असा मार्ग घेतल्यास अहमदाबादची गर्दीही टळते.

प्रश्न : डिसेंबरात रजा मिळत नाही. मे महिन्यात गेलो तर? (एक वाचक, दादर)

उत्तर : जाऊ नये. मे महिन्यात कच्छमध्ये उन्हाचा कडाका असतो आणि नैर्ऋत्येचे वारे वर्षातल्या सर्वांत जोरात वाहू लागलेले असतात. फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत रजा मिळाली तर जावे, अन्यथा पुढच्या हिवाळ्याची वाट पाहावी.

प्रश्न : रणाहून परतल्यावर गाडीची काय काळजी घ्यावी? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : मुंबईला पोहोचेपर्यंत थांबू नये. रणातून बाहेर पडल्यावर त्याच संध्याकाळी भूजमध्ये साध्या, गोड्या पाण्याने गाडी धुऊन घ्यावी. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगांवर मारू नये, कारण त्याने खारट पाणी आत ढकलले जाते. साखळी पुसून, कोरडी करून तिला वंगण द्यावे आणि तिचा ताण तपासावा. ब्रेकच्या तारा आणि सायलेन्सरची खालची बाजू या दोन जागा बहुतेक जण विसरतात, आणि मीठ नेमके तिथेच साचते. घरी आल्यावर एअर फिल्टर काढून पाहावा. रणातली बारीक धूळ त्यात इतकी बसते की झटकून भागत नाही, तो बदलावाच लागतो.